कमी ओळखीच्या सुपरहीरोंचे कागदी सिनेमे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या अलीकडं. गावात टॉकीज नाही, कधी नव्हती. वाचनालय आहे, त्यात एक मोठं टेबल आहे. दर रविवारी सकाळी त्या टेबलाभोवती आम्ही दहा-बारा जण बसतो आणि कॉमिक्समधल्या ज्या सुपरहीरोंना कुणी विचारत नाही त्यांचे सिनेमे कागदावर काढतो. बाहेरगावचे लोक फोनवर तेच ते प्रश्न पाठवतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. प्रश्न ज्यानं जसा विचारला तसाच ठेवला आहे. फक्त शिव्या काढल्या.

१. तुम्ही नेमकं करता काय? खरंच सिनेमा काढता का?

नाही. कॅमेरा नाही, पैसे नाहीत, नट तर सगळेच आहेत पण तो वेगळा विषय. एका माणसानं एक हीरो घ्यायचा. त्याच्या एकट्याच्या सिनेमाची गोष्ट वहीच्या दोन पानांत लिहायची, त्यातला कळीचा प्रसंग सहा चौकटींत काढायचा आणि शेवटी पोस्टर. मग उभं राहून तो सिनेमा सर्वांना 'दाखवायचा', म्हणजे सांगायचा. सांगताना मध्ये कुणी बोलायचं नाही. जे काय बोलायचं ते मध्यंतरात, चहासोबत. मध्यंतर कुठं घ्यायचं ते सांगणाराच ठरवतो. चुकीच्या जागी घेतलं की लोक चहा पिऊन घरी जातात, दुसरी परीक्षा लागत नाही.

२. 'कमी ओळखीचा' म्हणजे कोण? शक्तिमान चालते का?

शक्तिमान नाही चालत. एक तर तो कॉमिक्समधून आलेला नाही, १९९७ साली दूरदर्शनवर आला. दुसरं, त्याला न ओळखणारा माणूस आमच्या तालुक्यात सापडायचा नाही.

आमची चाचणी पानठेल्यावर होते. बसलेल्या पाच जणांना हीरोचं नाव सांगायचं. दोघांनी ओळखलं की तो बाद. आयर्न मॅन, थॉर, बॅटमॅन इथंच गळतात. वाद नागराजवरून होतो. १९८६ साली राज कॉमिक्सनं त्याला आणलं आणि त्याचे सुरुवातीचे अंक प्रताप मुळीक या मराठी चित्रकारानं काढले. आज पंचेचाळिशीत असलेल्यांना नागराज तोंडपाठ. त्यांच्या मुलांनी नावही ऐकलेलं नाही. मग ठेल्यावर कोण बसलं आहे यावर निकाल ठरतो. आम्ही तो पोरांच्या बाजूनं देतो, म्हणजे नागराज चालतो.

३. हीरो निवडायचा कसा? मले तर सगळेच आवडतात.

गोष्ट सुचली की तिच्यात सुपरमॅनला आणून सोडायचं. १९३८ साली तो आला. उडतो, भिंती फोडतो, छातीवर गोळ्या झेलतो. त्याला जे येतं ते करू द्यायचं. दोन मिनिटांत प्रश्न सुटला, तर तो सिनेमा तुमच्या हीरोचा नव्हताच. बँकेवरचा दरोडा, दरीत लोंबकळणारी बस, शहरावर पडणारी उल्का, हे सगळं सुपरमॅन चहा गार व्हायच्या आत आटोपतो. पण तो आला, त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि 'आता मी काय करू बा?' असा चेहरा करून उभा राहिला, तर गोष्ट सापडली.

म्हणून शक्ती पाहून हीरो निवडू नका, त्याची अडचण पाहा. नवीन आलेला माणूस हमखास शक्तींची यादी घेऊन येतो. उडतो, अदृश्य होतो, हातातून वीज निघते. ती यादी आम्ही दुमडून बाजूला ठेवतो अन् विचारतो, याला काय जमत नाही ते सांग. बहुतेक जण त्या रविवारी गप्प बसतात आणि पुढच्या रविवारी बरा सिनेमा घेऊन येतात.

या कसोटीचा उल्लेख पुढं जागोजागी येईल. तिथं फक्त 'सुपरमॅन सोडा' असं लिहिलं आहे.

४. एकट्याचाच सिनेमा काऊन? चार-पाच जण एकत्र घेतले तर जास्त मजा येईल ना.

मजा येईल, पण काही कळणार नाही. जोडीतला एक बैल अंगचोर असला तरी वावर नांगरून होतं. अंगचोर कोणता, ते मात्र धुऱ्यावरून दिसत नाही. एकट्याचा सिनेमा म्हटला की सगळं ओझं त्याच्याच मानेवर येतं.

यावर लोक २०१४ सालच्या 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी'चं नाव घेतात. त्यातलं झाड आणि रॅकून आधी कुणाला माहीत होते? बरोबर आहे. तो सिनेमा चाललाही छान. पण त्यातला एकेक जण वेगळा काढून दोन तास उभा करून बघा, मग बोलू.

एक अपवाद आम्ही मानतो. क्लोक आणि डॅगर ही मार्व्हलची १९८२ सालची जोडी. त्याच्या अंगात अंधार आहे, त्याला भूक लागते ती उजेडाची, आणि तो उजेड तिच्याकडं आहे. एकाला काढलं तर दुसऱ्याची गोष्टच उरत नाही. अशी जोडी एकच हीरो म्हणून धरतो.

५. पहिल्यांदाच करून राहिलो. कोणापासून सुरुवात करू?

मा हंकेलपासून. यावर आमच्यात मतभेद नाही, आणि ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे.

शेल्डन मेयर या चित्रकारानं कॉमिक्समध्ये आणलेली ही बाई. शहरातल्या एका मोहल्ल्यात किराणा दुकान चालवते, अंगानं दणकट, तोंडानं त्याहून दणकट. पोरांना गुंडांनी पळवल्यावर पोलिसांची वाट न पाहता ती स्वतःच निघते. साल १९४०. लाल रंगाचे थंडीतले लांब आतले कपडे, पाठीवर कापड आणि डोक्यावर स्वयंपाकाचा गंज, त्याला बघण्यापुरती दोन भोकं. नाव घेतलं रेड टोर्नेडो. पोलिसांना वाटतं हा कुणी पुरुष आहे. त्याच वर्षी सुपरहीरोंच्या पहिल्या मंडळाची बैठक भरली, तिथंही ती गेली होती. पण पँट फाटली म्हणून तशीच घरी परतली. कॉमिक्सच्या इतिहासातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री सुपरहीरोंमध्ये तिची गणना होते आणि तिच्याकडं कुठलीही शक्ती नाही.

तिचा सिनेमा आमच्याकडं ज्या बाईंनी लिहिला त्या स्वतः किराणा दुकान चालवतात. त्यांनी मारामारी जवळजवळ काढूनच टाकली. सगळा सिनेमा उधारीच्या वहीवर उभा केला. मोहल्ल्यातलं एक पोरगं हरवतं. पोलीस गल्ल्या धुंडाळतात. मा हंकेल रात्री दुकानाचं शटर अर्धं ओढून वही उघडते आणि बोट फिरवत जाते. कुणाचं दूध बंद झालं, कुणी साबण घेणं सोडलं, कुणाचा तंबाखू वाढला. एका पानावर बोट थांबतं. त्या घरात म्हातारा-म्हातारी दोघंच, पण आठ दिवसांपासून पाच माणसांचं तेल-मीठ चाललंय. वरून बिस्किटाचे पुडे, अन् म्हातारीला तर शुगर आहे. चौथ्या चौकटीत फक्त ते बोट आणि 'बिस्किट २' एवढंच काढलं होतं. पाचव्या चौकटीत ती चुलीवरचा गंज रिकामा करते.

आता सुपरमॅन सोडा. भिंतीच्या आरपार बघणारे डोळे आहेत त्याला, पण बघायचं कोणत्या भिंतीच्या आरपार? वही तर तिच्याजवळ आहे.

६. आपल्या देशातले कोणी नाहीत का?

आहेत की. विदर्भात हिंदी वाचायला कुणाला शिकवावं लागलं नाही. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती, तेव्हापासूनची ती सवय. त्यामुळं बसस्टँडवर भाड्यानं मिळणारी हिंदी कॉमिक्स इथं खेड्यापाड्यांत झिजेपर्यंत वाचली गेली. शिवाय टाइम्स समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० निघाली, ती मराठीतही यायची.

त्यात बहादूर आहे. आबिद सुरती यांनी तो १९७६ साली लिहिला. भगवा कुर्ता, जीन्स, डाकूंचा मुलूख. त्याचा बाप डाकू होता, पोलिसांशी लढताना मेला, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्यानं त्याला मारलं त्यानंच पोराला वाढवलं. सुपरमॅन सोडा बरं इथं. त्याच्या ताकदीनं बहादूरच्या घरातलं एक जेवणही नीट पार पडणार नाही. आमच्याकडच्या सिनेमात पूर्ण पहिला अर्धा भाग दोघं एकाच ताटात जेवतात आणि बापाचं नाव कुणी काढत नाही. जाता जाता सांगतो, बहादूर लिहिणारे हे सुरती पुढं मिरा रोडला रविवारी प्लंबर सोबत घेऊन लोकांच्या घरचे गळके नळ फुकट दुरुस्त करत फिरले. त्यांच्यावरच सिनेमा लिहायचा असा एकाचा आग्रह होता. ते कॉमिक्समधले नाहीत म्हणून नियमात बसले नाहीत.

डोगा मुंबईचा. कचऱ्यात सापडलेलं पोर, कुत्र्याचा मुखवटा. त्याची माणसांपेक्षा कुत्र्यांशी जास्त जवळीक आहे. सिनेमा चांगला होतो, पण पोट्टे त्याला फक्त बंदुका देतात.

मला स्वतःला अँथनी आवडतो. मेलेला माणूस, कबरीतून उठतो, सोबत कावळा. आपल्याकडं पिंडाला कावळा शिवला नाही की माणसाचं काहीतरी राहून गेलं म्हणतात. मग घरचे हात जोडून एकेक आश्वासन देत सुटतात. पोरीचं लग्न करून देऊ, विहिरीचं काम पुरं करू. हे ज्यानं नदीवर उन्हात उभं राहून पाहिलं आहे त्याला अँथनीच्या सिनेमाची पहिली दहा मिनिटं आपोआप दिसतात. फक्त गाव अँथनीचंच राहू द्या. का, ते प्रश्न ८ मध्ये.

७. हीरोची शक्तीच हसण्यासारखी असली तर?

तर उत्तम. हसू आलं म्हणजे लोक ऐकून राहिले.

मॅटर-ईटर लॅड घ्या. १९६२ चा आहे. शक्ती एवढीच की तो काहीही खातो. लोखंड, दगड, भिंत. नाव काढलं की टेबलावर हशा पिकतो. पण तो असा का झाला ते वाचा. त्याच्या ग्रहावर सूक्ष्म जंतूंमुळं सगळं अन्न खाण्याच्या लायकीचं उरलं नाही, आणि जगण्यासाठी तिथली माणसं मिळेल ते पचवायला शिकली. आता हसा. हा दुष्काळाचा पोरगा आहे. त्याला लिहिलं कुणी, तर सुपरमॅनच्या दोन जन्मदात्यांपैकी एक असलेल्या जेरी सिगलनं. एकाच माणसानं दोन ग्रहांवरची दोन पोरं पाठवली. एकाला काहीच कमी नाही, दुसऱ्याकडं भुकेशिवाय काही नाही. यावर आमच्याकडं तीन सिनेमे झाले आणि तिन्हींत एक प्रसंग सारखा निघाला. पंगतीत सगळे वाढायची वाट पाहतात, आणि हा लाजून पत्रावळीचा कोपरा खातो.

उलट उदाहरण रेड बी. १९४० चा, दिवसा सरकारी वकील आणि रात्री कमरेच्या पट्ट्यात पाळलेल्या मधमाश्या घेऊन फिरणारा. लाडक्या माशीचं नाव मायकेल. मोहोळ काढणारे एक काका आमच्याकडं येतात. ते ऐकून घेतल्यावर म्हणाले, "मायकेल म्हणजे नर ना? नर माशीले नांगीच नसते बाप्पा." तिथंच तो सिनेमा संपला. पुढं कुणीतरी मायकेलची मायकेली करून पाहिली, पण मजा गेली ती गेली.

८. हीरोला आपल्या गावात आणून सोडलं तर चालते का? रोही-डुकरं पळवायला?

पहिल्या वर्षी सगळ्यांनी हेच केलं. परदेशी हीरो यवतमाळला उतरतो, तुरीतून रोह्यांचा कळप हाकलतो, झुणका-भाकर खातो, 'लय भारी' म्हणतो आणि उडून जातो. पाहुणा आला, पाहुणा गेला. सुपरमॅन सोडलात तर तोही हेच करेल, भाकरी दोन जास्त खाईल.

आता नियम असा की हीरो जिथला आहे तिथंच राहील. आपण त्याला द्यायचं ते आपल्याला माहीत असलेलं काहीतरी.

डॉक्टर मिड-नाइटचं उदाहरण देतो. १९४१ चा हीरो. चार्ल्स मॅकनायडर नावाचा डॉक्टर, गुंडांनी फेकलेल्या हातबॉम्बनं दृष्टी जाते. मग एका रात्री खिडकीतून घुबड आत येतं तेव्हा त्याला कळतं की आपल्याला मिट्ट अंधारात स्वच्छ दिसतं. उजेडात मात्र खास चष्म्याशिवाय काही नाही. हा हीरो एका अकरावीतल्या पोरानं घेतला. त्याच्या वडिलांना हरभऱ्याच्या ओलिताला रात्री जावं लागतं, कारण शेतीची लाइन काही दिवस रात्रीच असते. हा सोबत जातो. बॅटरी तोंडात धरायची, स्प्रिंकलरचे पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात लावायचे, पाय ठेवण्याआधी काठी आपटायची. बापाला वावरातला एकेक दगड पाठ, पोराला नाही. म्हणून बाप पुढून बोलत राहतो: "इथं उतार हाय. आता डाव्या अंगानं ये. थांब, पाइप हाय पायात."

त्याच्या सिनेमात शेत नाही, हरभरा नाही. अमेरिकेतलं एक इस्पितळ आहे, दिवे गेलेले आहेत, घाबरलेल्या रोग्यांना जिन्यावरून खाली न्यायचं आहे आणि डॉक्टर पुढून बोलत राहतो. इथं उतार आहे. आता डावीकडं. थांबा. सहाही चौकटी काळ्या, नुसते संवाद. काळा रंग संपला म्हणून शेवटची चौकट त्यानं निळ्या शाईनं भरली, आणि पहाट झाली असं सगळ्यांना वाटलं.

९. हीरोला शक्ती कशी मिळाली हे दाखवावंच लागते का? लोणारच्या उल्केतून मिळाली असं लिहू?

दाखवावंच लागत नाही. दाखवलं तर दोन वाक्यांत. 'मी असा झालो' या गोष्टीत निम्मा सिनेमा खर्ची पडतो आणि कळीचा प्रसंग येईपर्यंत चहा संपलेला असतो. ज्याची अडचणच त्या जन्मकथेत दडलेली आहे, त्याला सूट. बहादूर आणि मॅटर-ईटर लॅड त्यातले.

लोणारचं म्हणाल, तर मोह समजू शकतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, काळ्या बेसाल्ट खडकात उल्का आदळून झालेलं, आणि तेही बुलढाण्यात, एसटीनं जाऊन बघता येतं. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हापासून दर दोन महिन्यांनी कुणीतरी तिथून हीरो काढतोच. तो गुलाबी रंग खारट पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. पण दुसऱ्याच्या हीरोला नवा जन्म देऊ नका. तुमचा स्वतःचा हीरो असेल तर लोणार घ्या, खुशाल घ्या. फक्त तो आमच्या या खेळात बसत नाही.

१०. व्हिलन म्हणून सावकार ठेवला. ठीक आहे ना?

नका ठेवू. सावकार चांगला असतो म्हणून नव्हे. तो दारात आला की शेवट सगळ्यांना आधीच ठाऊक असतो, आणि मिशीसकट ठाऊक असतो. हीच गत वाळूवाल्याची आणि आमदाराच्या भाच्याची.

ज्याचं म्हणणं ऐकताना क्षणभर 'खरं आहे बा याचं' असं वाटेल तो व्हिलन ठेवा. एका पोरीनं बॅटमॅनच्या गावातला नाही, साधा धान्य मोजणारा माणूस व्हिलन केला होता. तो प्रत्येक पोत्यामागं मूठभर चोरतो आणि प्रत्येक वेळी कारण खरं सांगतो. व्हिलनशी न लढताही सिनेमा होतो, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

११. हीरोच्या बापानं आत्महत्या केली, असं दाखवायचं आहे. शेतकरी दाखवू का?

आमच्या टेबलावर नाही. कुणाला नियम जाचक वाटतो, पण त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कुणाच्या घरी काय झालं आहे ते आम्हाला माहीत असतं आणि पाहुण्याला नसतं. हीरोला राग यावा एवढ्यासाठी पहिल्या चौकटीत कुणाचा बाप लटकवायचा, हे होणार नाही. ज्याच्या घरी घडलं आहे त्यानं स्वतःहून लिहिलं तर सगळं टेबल ऐकेल. एकदा ऐकलं आहे. त्याबद्दल इथं लिहिणार नाही.

१२. मुलींसाठी कोणता हीरो सुचवाल?

मुलींसाठी वेगळं दुकान नाही. मा हंकेल सगळ्यात जास्त वेळा घेतला तो एका रिटायर्ड कंडक्टरनं.

पण हा प्रश्न विचारणाऱ्याला स्क्विरल गर्ल सहसा माहीत नसते, म्हणून सांगतो. डोरीन ग्रीन, झुपकेदार शेपूट, खारींशी बोलते. तिची पहिली गोष्ट काढली स्टीव्ह डिटकोनं, म्हणजे ज्यानं लेखक स्टॅन लीसोबत स्पायडर-मॅन घडवला त्याच चित्रकारानं. त्या पहिल्याच गोष्टीत तिनं डॉक्टर डूम या बड्या व्हिलनला खारींच्या फौजेनं जेरीस आणलं. पुढं २०१५ पासूनच्या मालिकेत तर ती शत्रूशी आधी बोलते, त्याला नेमकं काय पाहिजे ते विचारते, आणि बऱ्याचदा मारामारीची गरजच उरत नाही. अख्खे ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टसशीही तिनं दोस्ती केली. सुपरमॅन सोडा: तो चांगला माणूस आहे, पण समोरचा बोलत असताना त्याचा हात मुठीकडं जातोच.

आमच्याकडं तिच्या सिनेमात अडचण अशी घेतली की खारी फार बोलतात. सगळ्या एकदम बोलतात, आणि त्यातली एक खरं सांगत असते. संयुक्त कुटुंबातल्या मुलीनं लिहिला होता, हे सांगायला नकोच.

१३. हीरोचं नाव मराठीत करायचं का? अन् बोलायचं वऱ्हाडीत का?

नाव जमलं तर करा. फँटमला इंद्रजालनं वेताळ केलं आणि आमच्या आजोबांच्या पिढीला तो विक्रमाच्या झाडावरचाच कुणी नातेवाईक वाटत राहिला. असं नाव रोज सापडत नाही. 'खारकन्या', 'लाल वावटळ' वगैरे ऐकून पाहिलं आणि मूळ नावांवर परत आलो.

बोलीचं हीरोवर अवलंबून आहे. मा हंकेल वऱ्हाडीत अशी शोभते की विचारू नका: "कायले बोंबलून राहिला बे? मांगची उधारी किती झाली ते पाय आधी." डॉक्टर मिड-नाइट वऱ्हाडी बोलला तर लोक हसतात, आणि तिथं हसून चालत नाही. एक मात्र करू नका. हीरो प्रमाण भाषेत आणि त्याचा नोकर तेवढा वऱ्हाडीत, हे आम्ही नाटकांत फार बघितलं.

१४. शाळेच्या गॅदरिंगमध्ये किंवा मंडईच्या नाटकात करता येईल का?

येईल. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडं, दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटकं चालतात. त्या प्रेक्षकाला मुखवटा, उडी, धूर यांचं नवल नाही. त्याला गोष्ट लागते आणि मध्ये मध्ये गाणी लागतात. गाणी घालाच.

सावधगिरी एकच. आम्ही एका शाळेत मा हंकेलचा प्रवेश केला तेव्हा गंज खरा होता, जर्मनचा, घरून आणलेला. तालमीत तो नीट निघत होता. प्रयोगाच्या दिवशी पोरीनं केसांचा अंबाडा घातला, गंज वरून बसला तो बसलाच. टाळ्या पडल्या, पडदा पडला, बक्षीस समारंभ झाला, अन् हिरोईन खोबरेल तेल लावून विंगेत बसलेली. आतून आवाज येत होता, "माह्या मायले सांगू नका." शेवटी कान दाबून, फिरवून फिरवून काढला. आता आम्ही पुठ्ठ्याचा गंज करतो आणि चंदेरी कागद लावतो. परवानगीचं काय ते पुढच्या प्रश्नात.

१५. दुसऱ्याचा हीरो घेतला तर कॉपीराइटची केस होत नाही का?

वहीत लिहून आपसात वाचलं तर कुणी विचारायला येत नाही. व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला, तिकीट लावलं, टी-शर्ट छापले की विषय बदलतो. भारतात कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. नाव आणि चिन्ह पुष्कळदा ट्रेडमार्क म्हणूनही नोंदलेलं असतं, त्याला अशी मुदतच नाही. ते नूतनीकरण करत राहतात. म्हणजे 'जुना आहे, चालतो' हे उत्तर नाही. पैसे मिळणार असतील तर आधी मालकाची लेखी परवानगी, नाहीतर अडचण तीच ठेवून हीरो आपला बनवा. किराणावाली बाई आणि उधारीची वही यांवर कुणाची मालकी नाही.

१६. पोस्टर मोबाईलवर एआयकडून काढलं तर चालते का?

नाही. वाकडं काढा, पण हातानं.

१७. असे सिनेमे खरंच निघतील का कधी?

निघतातच. अँट-मॅन २०१५ मध्ये आला, ब्लू बीटल २०२३ मध्ये. खेड्यातला सुपरहीरो म्हणाल तर २०२१ चा मल्याळम 'मिन्नल मुरली' बघा, हीरो गावातला शिंपी आहे. कॉमिक्समधून आलेला नाही, पण सुपरमॅन सोडण्याच्या कसोटीत बरोबर उतरतो.

आणि पडतातही. २०२४ चा 'मॅडम वेब' पडला तेव्हा लोक म्हणाले, अनोळखी हीरोचं असंच होणार. मला नाही पटत. कॉमिक्समधली मॅडम वेब म्हातारी आहे, आंधळी आहे, तिचा जीव चालवणाऱ्या यंत्राच्या खुर्चीला खिळलेली आहे. पुढं काय घडणार ते तिला दिसतं आणि जागचं हलता येत नाही. एवढी मोठी अडचण आयती हातात होती. सिनेमावाल्यांनी तिला धडधाकट तरुण केलं अन् गाडी चालवायला लावली. आमच्याकडं एका आजीबाईंनी तोच सिनेमा खाटेवरून न उठणाऱ्या बाईचा म्हणून सांगितला. सगळा सिनेमा एका खोलीत, ती फक्त येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारते, आणि कुणी थांबतं, कुणी थांबत नाही. मध्यंतरात चहा घ्यायला कुणी उठलं नाही.

१८. माह्या आजोबाच्या पेटीत इंद्रजालचे अंक सापडले, वाळवी लागली आहे. काय करू?

आधी पेटी घराबाहेर काढा, म्हणजे बाकीची पुस्तकं वाचतील. अंक एकेक करून मऊ ब्रशनं झाडा. कडक उन्हात ठेवू नका, कागद तडकतो. सावलीत वारा लागेल असे दोन-तीन दिवस पसरा. चिकटलेली पानं ओढू नका. मग प्रत्येक पानाचा फोटो काढून घ्या आणि अंक सुती कापडात, वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्यासोबत, पत्र्याच्या डब्यात ठेवा. डबा जमिनीवर नको, फळीवर.

अन् एखाद्या रविवारी आमच्याकडं घेऊन या. मुखपृष्ठ गेलं असलं तरी आणा. मधल्या एका पानावरून अंक ओळखणारे दोन म्हातारे आमच्याकडं आहेत. दोघांचं उत्तर कधीच जुळत नाही, आणि निम्मे पोट्टे तर त्यांचं भांडण ऐकायलाच येतात.